कुणाच्या कानावर न पडता व्हायोलिन शिकता येईल का?

पत्र कल्याणहून आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ४४ वर्षांच्या आहेत आणि बँकेत नोकरी करतात. दोन बेडरूमच्या घरात पती, बारावीतला मुलगा आणि ७८ वर्षांचे सासरे असतात. मागच्या हिवाळ्यात पुतण्याच्या लग्नात, रिसेप्शनला, एक मुलगी इलेक्ट्रिक व्हायोलिन वाजवत होती. तेव्हापासून ताईंच्या मनाने घेतलं आहे की हेच शिकायचं. शाळेत असताना त्या दोन वर्षं हार्मोनिअम शिकल्या होत्या. आठ महिन्यांनी त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा ५०वा वाढदिवस आहे. त्या दिवशी आईचा आवडता अभंग वाजवून सगळ्यांना चकित करायचं त्यांनी ठरवलं आहे. ऑनलाइन १४,००० रुपयांचं एक इलेक्ट्रिक व्हायोलिन त्यांनी बघून ठेवलं आहे. जवळच राहणारे व्हायोलिनचे सर म्हणतात, आधी दोन वर्षं साधं व्हायोलिन, मग बघू. भाऊ म्हणतो, इलेक्ट्रिकच घे आणि मोबाइलवर बघून शिक. पती म्हणतात, त्यापेक्षा कीबोर्ड घे, लवकर जमेल.

ताई पुढे लिहितात: 'साधं व्हायोलिन वाजवलं की सगळ्यांना ऐकू जाणार. मुलाचा अभ्यास आहे, खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. शिवाय सासरे रोज रात्री रेडिओवर शास्त्रीय गाणं ऐकतात, त्यांचा कान फार तयार आहे. त्यांच्यासमोर बेसूर वाजवायची लाज वाटते. नीट जमलं तरच घरात सगळ्यांना सांगेन, नाहीतर गुपचूप विकून टाकीन. इलेक्ट्रिक घेतलं तर लवकर येईल ना? की या वयात हा नादच सोडू?'

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'नीट जमलं तरच घरात सगळ्यांना सांगेन' या वाक्यावर थांबले. त्या वाक्याकडे परत येणार आहे, पण तुम्ही जे विचारलंय त्याचं उत्तर आधी.

वयाचं पटकन सांगून टाकते. मी स्वतः चौतिसाव्या वर्षी व्हायोलिन हातात घेतलं आणि माझ्या शेजारी बसून शिकणारे एक काका निवृत्त होऊन आले होते. लहान मुलांची बोटं लवचीक असतात, त्यांच्याकडे दुपारच्या दुपार मोकळ्या असतात, हे खरं आहे. पण मोठ्या माणसाला आपलं कुठे चुकतंय ते समजतं आणि सांगता येतं. तुमच्याकडे तर हार्मोनिअमची दोन वर्षं आहेत. सा धरला की पंचम कुठे लागायला हवा हे तुमच्या कानाला ठाऊक आहे, आणि कित्येकांना तेवढ्यासाठीच वर्ष घालवावं लागतं. वयाचा प्रश्न माझ्या दृष्टीने इथेच संपला.

इलेक्ट्रिक घेतलं तर लवकर येईल का? नाही येणार. हे स्पष्ट सांगते, कारण याच समजुतीवर अनेक जण पैसे घालतात आणि चार महिन्यांत वाद्य पलंगाखाली जातं.

साध्या व्हायोलिनमध्ये गजाने तार थरथरते. ती थरथर ब्रिजमधून, म्हणजे तारांखालच्या लाकडी घोडीतून, वरच्या फळीत उतरते. आत उभी केलेली एक बारीक काठी ती मागच्या फळीपर्यंत पोचवते आणि सगळी पोकळ पेटी घुमू लागते. इलेक्ट्रिकमध्ये ही पेटी नसते, किंवा असली तरी नावापुरती. त्याऐवजी ब्रिजमध्ये किंवा त्याच्या खाली पिएझो पिकअप असतो. तो दाबातला बारीक फरक विजेच्या संकेतात बदलतो, तो संकेत प्रीअँपमध्ये मोठा होतो आणि तिथून हेडफोनमध्ये किंवा स्पीकरमध्ये जातो. फरक एवढाच आहे. तारा त्याच चार, गजही तोच, घोड्याच्या केसांचा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन्हींच्या मानेवर पडदे नाहीत. हार्मोनिअमची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो, व्हायोलिनवर तो बोटाने शोधावा लागतो. मोठ्यांच्या मापाच्या व्हायोलिनमध्ये तारेचा वाजणारा भाग सुमारे ३२८ मिलिमीटर असतो. पहिल्या बोटाच्या जागेपासून बोट ३ मिलिमीटर सरकलं तरी सूर जवळपास एका श्रुतीने, म्हणजे दोन सुरांमधल्या अगदी बारीक अंतराने, हलतो. असा सूर बेसूर नसतो, कणसूर असतो, आणि कणसूर कानाला जास्त बोचतो. इलेक्ट्रिक व्हायोलिनवरची कुठलीच चकती फिरवून तो बरा होत नाही.

मग इलेक्ट्रिकने मिळतं काय? शेजाऱ्यांची झोप राखली जाते, आणि ही गोष्ट छोटी नाही. यामाहाने १९९७ साली आपलं 'सायलेंट व्हायोलिन' बाजारात आणलं ते दाटीच्या घरांत राहणाऱ्यांची हीच अडचण ओळखून. बाहेर थोडा आवाज येतोच. गज तारेवर फिरला की पातळ, पत्र्यासारखी किरकिर त्याच खोलीतल्या माणसाला ऐकू येते. पण दार लावलं तर पलीकडे अभ्यास करणाऱ्या मुलाला त्रास होणार नाही आणि खालचं बाळ तर नक्कीच जागं होणार नाही. ज्यांना रात्री दहानंतरच वेळ मिळतो त्यांच्यासाठी हे वाद्य खरोखर मोलाचं आहे.

त्या बदल्यात काय जातं, तेही सांगायला हवं. व्हायोलिनच्या चार तारांना जी, डी, ए, ई म्हणतात. साध्या व्हायोलिनवर ए तारेवर तिसरं बोट अगदी नेमक्या जागी पडलं की शेजारची मोकळी डी तार आपोआप थरथरते आणि पेटीला घुमारा येतो. बोट केसभर चुकलं की घुमारा विझतो. नवशिक्याला याहून चांगला मास्तर नाही, कारण तो दर स्वराला हो किंवा नाही सांगतो आणि तेही हनुवटीखालून, हाडांतून जाणवेल असं. भरीव इलेक्ट्रिक वाद्यात हा घुमारा फार कमी मिळतो. दुसरी गोष्ट गजाच्या हाताची. आवाज वाढवायला साध्या व्हायोलिनवर हाताचं वजन सोडायला शिकावं लागतं, गजाचा वेग सांभाळावा लागतो, गज ब्रिजपासून किती अंतरावर फिरतोय याचं भान ठेवावं लागतं. इलेक्ट्रिकवर आवाज कमी वाटला की बोट आपसूक व्हॉल्यूमकडे जातं आणि उजवा हात शिकायचा तसाच राहतो. तिसरी गोष्ट रिव्हर्बची, म्हणजे मोठ्या सभागृहात वाजवल्याचा भास देणाऱ्या घुमाऱ्याची. तो चालू केला की खरखर झाकली जाते, दोन स्वरांमधली फट बुजते आणि आपण पुढे गेलो असं वाटतं. तुम्ही कधीही इलेक्ट्रिक घेतलंत तरी रियाजाला रिव्हर्ब बंद ठेवा, कोरडा आवाजच ऐका. सुरुवातीला तो नकोसा वाटेल, पण आपण काय वाजवतोय ते तोच खरं सांगतो.

आता त्या लग्नातल्या मुलीबद्दल. तुम्ही तिला ऐकलंत तेव्हा तिच्यामागे तबला, कीबोर्ड किंवा तयार ट्रॅक असणार, आवाजावर रिव्हर्ब असणार आणि तिच्या हातामागे बहुधा साध्या व्हायोलिनची अनेक वर्षं असणार. इलेक्ट्रिक व्हायोलिनला जगात नाव मिळवून देणाऱ्यांकडे पाहिलंत तर हेच दिसतं. फ्रान्सचे ज्यां-लूक पोंती जॅझकडे आणि इलेक्ट्रिककडे वळले ते पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत पाश्चात्य अभिजात संगीताचं पहिलं पारितोषिक घेऊन. एल. शंकर यांनी १९८०च्या दशकात दहा तारांचं, दोन मानांचं इलेक्ट्रिक व्हायोलिन जगासमोर आणलं, पण त्याआधी ते वडील व्ही. लक्ष्मीनारायण यांच्याकडे घरातच कर्नाटक पद्धतीचं वादन शिकले होते आणि 'शक्ती' या वाद्यवृंदात झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवून झालं होतं. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुम्हाला ज्या आवाजाने ओढून घेतलं तो हातांतून तयार झालेला आवाज आहे, पिकअप त्यानंतर येतो, एवढंच लक्षात यावं म्हणून सांगते.

म्हणूनच पतींच्या कीबोर्डच्या सूचनेलाही माझं उत्तर नाही असंच आहे. कीबोर्ड लवकर जमतो हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणारी मींड, जी गळ्याखालोखाल या वाद्यात येते, ती कीबोर्डच्या पट्ट्यांवर तशी मिळत नाही. तुम्हाला हवी आहे ती मींड. तिच्याऐवजी सोयीची गोष्ट घेऊन मन भरत नाही.

तुमच्या सरांच्या बाजूने बोलायचं तर, साध्या व्हायोलिनवर हात बसावा हा त्यांचा आग्रह योग्य आहे. दोन वर्षांची अट मात्र मला पटत नाही. हात धरायची पद्धत, गजाची चाल आणि पहिल्या जागेवरची चार बोटं नीट व्हायला नियमित रियाज असेल तर तीन-चार महिने लागतात. त्यानंतर रात्रीच्या रियाजाला इलेक्ट्रिक वापरलं तर काही बिघडत नाही, मात्र आठवड्यातून दोनदा-तीनदा साधं व्हायोलिन हातात यायला हवं. 'इलेक्ट्रिक म्हणजे खरं व्हायोलिनच नव्हे' असं कुणी म्हणालं, तर त्यांना आदराने एवढंच सांगा की हे सगळंच वाद्य आपल्याकडे पाहुणं म्हणून आलं. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेत बाळूस्वामी दीक्षितरांनी ते कर्नाटक संगीतात आणलं. गोव्यात पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. तिथून मुंबईला आलेल्या वादकांनी सिनेसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच, प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आपल्या हिंदुस्तानी पद्धतीत वाईचे वि. गो. जोग, गोव्याचे श्रीधर पार्सेकर, गजाननराव जोशी, डी. के. दातार यांनी या परदेशी पेटीतून ख्याल वाजवला. पेटीचा आकार बदलला म्हणून वाद्य परकं होत नाही. ही नावं मी मुद्दाम लिहिली आहेत. तुमच्या सासऱ्यांनी यांतलं कुणी ना कुणी रेडिओवर बहुधा ऐकलं असेल, आणि त्यांच्याशी बोलायला सुरुवात कुठून करायची याची ती चावी आहे.

आणि इथे मी तुमच्या त्या वाक्याकडे येते.

तुमच्या पत्रात आवाजाची तीन कारणं आहेत: मुलाचा अभ्यास, खालचं बाळ आणि सासऱ्यांचा तयार कान. पहिली दोन खरी अडचण आहेत आणि त्यांवर उपाय आहेत. तिसरी मला अडचण वाटत नाही. इलेक्ट्रिक व्हायोलिन तुम्ही मुख्यतः त्या तिसऱ्या कारणासाठी घेताय, असं मला पत्र वाचून वाटलं. चुकत असेन तर सोडून द्या. पण बरोबर असेन तर हेडफोन तुमची लाज लपवतील, घालवणार नाहीत. आठ महिने एकटीने हेडफोनमध्ये वाजवून, एकदम पन्नास माणसांसमोर उभं राहण्याचं तुमच्या मनात आहे. त्या दिवशी हात थंड पडतील, गज तारेवर उड्या मारायला लागेल, आणि हे कुणाच्याही बाबतीत होतं. कान समोर असताना वाजवणं हाही शिकायचा भाग आहे. तो दारं लावून शिकता येत नाही.

शिवाय लपून शिकण्यात एक धोका आहे, जो मी स्वतः भोगला आहे. पहिले सहा महिने मी खोलीचं दार लावून, कपाटाकडे तोंड करून वाजवायचे. घरात कुणी काही विचारलं नाही. मला वाटायचं छान चाललंय. मग एकदा माझ्या आत्यांनी सहज ऐकलं आणि विचारलं, 'तुझा गंधार नेहमी इतका उतरलेला का असतो?' नेहमी! सहा महिने मी तोच उतरलेला गंधार घोटत होते. तो सरळ करायला पुढे जितका वेळ गेला, तितक्यात मी दोन नवीन गोष्टी शिकले असते. तुमचा भाऊ म्हणतो त्या मोबाइलवरच्या धड्यांचीही अडचण हीच आहे. त्यांतलं बरंच चांगलं असतं, पण तुमचा गंधार कुठे पडतोय हे तो धडा ऐकू शकत नाही.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं, ते सांगते.

ते १४,००० रुपयांचं ऑनलाइन व्हायोलिन सध्या घेतलं नसतं. त्या किमतीत इलेक्ट्रिक आणि साधं यांत मोठी तफावत असते. स्वस्त इलेक्ट्रिकमध्ये हेडफोनमध्ये सतत सूंसूं येते, कधी एकाच कानात आवाज येतो, खुंट्या घसरतात, ब्रिज न घासता तसाच उंच बसवलेला असतो. उंच ब्रिजवर तार दाबायला जास्त जोर लागतो आणि नवशिक्या माणसाला वाटतं की आपलीच बोटं कमजोर आहेत. त्यापेक्षा निम्म्या किमतीत विद्यार्थ्यांचं बरं साधं व्हायोलिन मिळतं. उरलेल्या पैशांतला काही भाग ते वाद्य जाणकाराकडून नीट लावून घेण्यावर खर्च करा: ब्रिज घासून घेणं, खुंट्या बसवणं, कारखान्यातून आलेल्या तारा काढून बऱ्या तारा घालणं. मानेवरच्या, बोटांखालच्या काळ्या पट्टीच्या ब्रिजकडच्या टोकाशी तार आणि पट्टी यांत किती अंतर आहे ते बघायला सांगा. ई तारेखाली साडेतीन मिलिमीटर, जी तारेखाली पाच-साडेपाचच्या वर जात असेल तर ब्रिज घासायला हवा. माप पूर्ण, म्हणजे फोर-बाय-फोर घ्या. सर वाद्य भाड्याने किंवा वापरायला देत असतील तर पहिले तीन महिने तेही चालेल.

आवाजासाठी रबरी प्रॅक्टिस म्यूट आणा. ब्रिजवर चढवायचा हा जाड तुकडा काही शे रुपयांत मिळतो आणि आवाज इतका खाली आणतो की बंद दारापलीकडे कुजबुज उरते. धातूचा म्यूट आणखी परिणामकारक असतो, पण हातातून सुटला तर वाद्यावर खोक पाडतो, म्हणून सुरुवातीला रबरीच बरा. म्यूट लावूनही घुमारा कमी होतोच, तेव्हा रोज दहा मिनिटं तरी म्यूट काढून वाजवा. ती दहा मिनिटं मुलगा क्लासला गेल्यावर किंवा तुम्ही बँकेतून आल्यावर चहाच्या आधी बसू शकतील. खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन बाळाच्या झोपेची वेळ विचारून या. मुलालाही विचारा. बारावीच्या मुलाला आई संध्याकाळी वीस मिनिटं वाजवते याचा त्रास होईल की बरं वाटेल, हे आपण परस्पर ठरवू नये.

तीन महिन्यांनी, रियाज टिकला आणि रात्रीचीच वेळ तेवढी हाती आहे असं दिसलं, तर इलेक्ट्रिक घ्या. तेव्हा सरांना बरोबर न्या, दुकानात हेडफोन लावून चारही तारा वाजवून बघा, चारही तारांचा आवाज सारखा येतोय का ते ऐका, वाद्य खांद्यावर पाच मिनिटं धरून वजन जाणवतंय का ते बघा. बरीच इलेक्ट्रिक वाद्यं साध्यापेक्षा जड असतात. बॅटरीवर चालणारं असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची सवय लावा, नाहीतर बॅटरी लवकर बसते.

पण समजा तुमच्या घरी साध्या व्हायोलिनला खरंच दहा मिनिटंही मिळणार नाहीत. तुमच्यासारख्या अनेक वाचकांची अशी स्थिती असेल: वन-रूम किचन, घरात आजारी माणूस, दोन पाळ्यांची नोकरी. त्यांनी पहिल्या दिवसापासून इलेक्ट्रिक घ्यावं आणि मनात काही अपराधी वाटून घेऊ नये. पेटीत पडून राहिलेल्या उत्तम व्हायोलिनपेक्षा रोज हातात येणारं इलेक्ट्रिक केव्हाही चांगलं. फक्त दोन गोष्टी पाळाव्यात. आठवड्यातून एकदा सरांकडे साध्या व्हायोलिनवर वाजवावं आणि हेडफोनचा आवाज, कान दुखत नाहीत म्हणून, वाढवत नेऊ नये.

शिकण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल, ती म्हणजे पद्धत. हिंदुस्तानी पद्धतीत मांडी घालून बसतात आणि व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवतात, त्यामुळे डावा हात मोकळा राहून मींड घ्यायला सोपं जातं. पाश्चात्य पद्धतीत उभं राहून हनुवटीने धरतात. तुम्हाला अभंग वाजवायचाय, तेव्हा माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे. इलेक्ट्रिक घेताना हे लक्षात ठेवा, कारण काही मॉडेलना ते वेटोळं टोकच नसतं आणि मग पावलावर टेकवायला काही उरत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसून शिकवणारे सरही आहेत. त्यांना स्पष्ट विचारा.

आता आठ महिने. या वेळात काय होऊ शकतं ते प्रामाणिकपणे सांगते. पहिले तीन आठवडे बोटं लावायचीच नाहीत. मोकळ्या तारेवर टोकापासून टोकापर्यंत गज, चार मात्रांत वर, चार मात्रांत खाली, ब्रिजला समांतर. कंटाळा येईल. आरशासमोर बसा, गज तिरका होतोय का ते दिसतं. वाद्य जी, डी, ए, ई असं पाश्चात्य पद्धतीने लावलेलं असेल तर पांढरी दोन, म्हणजे हार्मोनिअमची दुसरी पांढरी पट्टी, हा सा धरा. म्हणजे डी तार सा होते आणि ए तार पंचम. तानपुऱ्याचं अॅप त्याच पट्टीत लावून ठेवा आणि तानपुऱ्याशिवाय एकही मिनिट वाजवू नका. मग एकेक बोट. तिसऱ्या महिन्यापर्यंत सात स्वरांचे साधे अलंकार, प्रत्येक आधी गाऊन आणि मग वाजवून. गाणं टाळू नका. गळ्यात बसलेला अलंकार बोटांना लवकर सापडतो. पाचव्या महिन्यात अभंगाचं ध्रुवपद घ्या. शेवटचे तीन महिने ध्रुवपद आणि एक कडवं, संथ लयीत, बस. एका तासाच्या एका बैठकीपेक्षा सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं जास्त कामाची. मान किंवा मनगट दुखायला लागलं तर त्याच क्षणी थांबा आणि सरांना दाखवा. दुखणं सोसून वाजवणं हा रियाज नाही.

मध्ये पावसाळा येईल. कल्याणच्या दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात, हवा कोरडी झाली की त्याच सैल पडून घसरतात. घसरत असतील तर खुंटीला किंचित खडू लावतात. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करून ठेवायला विसरू नका, तारांवर पडलेली, गजाला लावलेल्या राळेची पूड फडक्याने पुसा.

पन्नासाव्या वाढदिवसाच्या दिवशी तुम्ही ध्रुवपद आणि एक कडवं वाजवाल, कदाचित दोन जागी कणसूर. तुमच्या आईला ते कणसूर ऐकू येणार नाहीत असं मी म्हणणार नाही. ऐकू येतील. पण ती आधीच ऐकत आली असेल तर तिला हेही कळेल की दोन महिन्यांपूर्वी तो गंधार कुठे होता. म्हणून चकित करायचा बेत सोडून द्या, अशी माझी विनंती आहे. सहाव्या महिन्यात एखाद्या रविवारी माहेरी जा, आई भाजी निवडत असेल तिथेच बसून वाजवा. अभंग तिच्या आवडीचा आहे, तिने गुणगुणायला सुरुवात केली तर तिच्या पट्टीत तार लावून घ्या. वाढदिवसाला ती गाईल आणि तुम्ही तिला साथ कराल. हा बेत मला जास्त आवडतो, आणि तुमच्या हातांवरचं निम्मं ओझंही उतरेल.

राहिले सासरे. पन्नास-साठ वर्षं रेडिओवर गाणं ऐकलेला माणूस घरात असणं म्हणजे काय, हे बाहेर जाऊन शिकणाऱ्यांना विचारा. माझ्या शिकण्यात असा कान रोज शेजारच्या खोलीत असता तर मी सहा महिने कपाटाकडे तोंड करून बसले नसते. तुम्ही बेसूर वाजवाल हे त्यांना ठाऊकच असणार, कारण ज्याला सूर कळतो त्याला सूर लागायला किती वेळ जातो तेही कळतं. त्यांनी नाक मुरडलं तर पहिले चार दिवस वाईट वाटेल, ते मी नाकारत नाही. पण ७८व्या वर्षी सुनेने येऊन 'बाबा, तुमचा कान मला हवाय' असं म्हटलं तर त्यांना काय वाटेल, याचाही विचार करून बघा.

व्हायोलिन घरी यायच्या आधीच त्यांच्याशी बोला. आज रात्री रेडिओ संपला की जवळ जाऊन बसा आणि व्हायोलिन कुणाचं ऐकलंय ते विचारा. मग सांगा की तुम्ही शिकणार आहात. त्यांच्याकडून एकच गोष्ट मागा: रोज संध्याकाळची दहा मिनिटं, म्यूट न लावता, तुम्ही सा धराल आणि त्यांनी डोळे मिटून फक्त सांगायचं, चढलाय की उतरलाय.